कच्ची वही, पक्की वही आणि संगणक

ज्यांनी अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घेतली, त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या. एक कच्ची वही आणि दुसरं जर्नल. कच्च्या वहीत प्रयोगशाळेत उभ्या उभ्या टिपलेली रीडिंग, खाडाखोड, एखाद्या कोपऱ्यात आम्लाच्या थेंबाने पडलेलं भोक. जर्नलमध्ये मात्र सगळं कसं स्वच्छ. एका पानावर पेन्सिलने काढलेली आकृती, समोरच्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. परीक्षेला जर्नल लागायचं, त्यावर सरांची सही लागायची. कच्ची वही रद्दीत जायची. प्रात्यक्षिक परीक्षांना परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं गेलो, शेकडो जर्नलं चाळली. त्यांत ब्युरेटची तिन्ही रीडिंग हमखास सारखी असतात : ९.८, ९.८, ९.८. इतकी एकवचनी ब्युरेट मी तरी प्रत्यक्षात पाहिलेली नाही.

संशोधनात याच्या नेमकं उलट चालतं. तिथे जपून ठेवायची ती कच्ची वही. खाडाखोडीसकट, भोकासकट. पक्की वही असा प्रकारच तिथे नसतो, कारण घरी जाऊन सावकाश, छान अक्षरात उतरवून काढलेली नोंद ही नोंद नव्हेच, ती आठवण झाली. आज मला बोलायचं आहे ते या कच्च्या वहीच्या नव्या अवताराबद्दल, म्हणजे संगणकावरच्या प्रयोगवहीबद्दल. आणि त्यातही प्रयोग झाल्यावर काय लिहायचं यापेक्षा प्रयोग करण्याआधी काय लिहायचं, याबद्दल. कारण माझं मत असं आहे की, प्रयोगवहीचा खरा उपयोग आदल्या संध्याकाळी होतो.

आधी कागदी वहीचे कायदे सांगतो. वही बांधीव हवी, सुट्या पानांची चालत नाही. पानांवर छापील क्रमांक हवेत. पान फाडायचं नाही. पेन्सिल, खोडरबर, पांढरी शाई वर्ज्य. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. दिवसाच्या शेवटी सही आणि तारीख. कंपन्यांमध्ये त्याखाली आणखी एक सही लागे, ती साक्षीदाराची. साक्षीदार कोण? तर ज्याला विषय कळतो, पण ज्याचा त्या प्रयोगात हात नाही असा सहकारी. हे सगळं सोवळंओवळं कशासाठी, असं वाटेल. त्याचं एक मोठं कारण अमेरिकेच्या पेटंट कायद्यात होतं. आपल्याकडे आणि बहुतेक देशांत जो आधी अर्ज करील त्याला पेटंट मिळतं. अमेरिकेत मात्र १६ मार्च २०१३ पर्यंत जो आधी शोध लावील त्याचा हक्क मानला जाई. मग आधी कोणी शोध लावला, हे सिद्ध कसं करणार? वहीचं पान दाखवून. एका तारखेवर, एका सहीवर कोट्यवधी डॉलर अवलंबून असत. अमेरिकेनेही आता आधी अर्ज करणाऱ्याचं तत्त्व स्वीकारलं आहे, तरी शिस्त राहिली. ती राहिली हे चांगलंच झालं.

पेटंटच्या आधीही मोठ्या शास्त्रज्ञांना वहीची किंमत कळलेली होतीच. मायकेल फॅरेडेचं उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. आपल्या प्रयोगांच्या नोंदी तो परिच्छेदांना क्रमांक घालून लिहीत असे आणि पुढे लिहिताना मागच्या क्रमांकाचा हवाला देई. हे क्रमांक वाढत वाढत १६०४१ पर्यंत गेले. शाळेचं फारसं शिक्षण न झालेल्या, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाने संगणकाच्या शंभर वर्षं आधी स्वतःपुरती शोधयंत्रणा उभी केली होती. मेरी क्यूरीच्या वह्यांची गोष्ट वेगळी. त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत, कारण त्यांच्यावर रेडियमचे अंश आहेत, आणि रेडियमचं अर्धं आयुष्य सुमारे १६०० वर्षांचं असतं. प्रयोगशाळेत काम करता करता लिहिलेली वही कशी असते, याचा यापेक्षा खणखणीत पुरावा दुसरा नसेल.

पण आपण सगळे फॅरेडे नसतो. कागदी वहीच्या अडचणी रोजच्या आहेत. लिहिणाऱ्याचं अक्षर फक्त त्यालाच कळतं, आणि पाच वर्षांनी त्यालाही कळत नाही. उपकरणातून निघणारे आलेख आता कागदावर नसतात, फाइलींमध्ये असतात. ते चिकटवणार कसे? आणि सर्वांत मोठी अडचण माणूस गेल्यावर येते. एखाद्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारी मुलगी पाच वर्षांत सहाशे-सातशे अभिक्रिया करते. ती नोकरीला लागते, लग्न होऊन बंगळुरूला किंवा बोस्टनला जाते. मागे कपाटात बारा वह्या. नव्याने आलेल्या मुलाला हवी असते त्यातली एक अभिक्रिया. कोणत्या वहीत? ‘ती बहुधा निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होती’ हे उत्तर मी एका प्रयोगशाळेत स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. निळ्या पुठ्ठ्याच्या चार वह्या होत्या. शेवटी त्या मुलाने तीन आठवडे घालवून सगळं पहिल्यापासून केलं, म्हणजे रसायनं, विद्रावक, वीज आणि विद्यावेतन हे सगळं दुसऱ्यांदा खर्च झालं.

आता संगणकावरची प्रयोगवही म्हणजे काय? वर्डची फाइल नव्हे, हे आधी सांगून टाकतो. वर्डमध्ये लिहिलेलं कोणीही, कधीही बदलू शकतो आणि बदलल्याचा माग राहत नाही. प्रयोगवही हे त्यासाठी मुद्दाम बनवलेलं सॉफ्टवेअर असतं. त्यात तुम्ही तुमच्या नावाने आणि पासवर्डने शिरता. काय लिहिलं, कधी लिहिलं, नंतर काय बदललं, आधी तिथे काय होतं, हे सगळं ते आपोआप नोंदवून ठेवतं. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा जुना नियमच इथे संगणकाने अंगात भिनवून घेतला आहे.

एक ओळखीची अभिक्रिया घेऊ. ॲस्पिरिन. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत अनेक ठिकाणी हा प्रयोग करवून घेतात. सॅलिसिलिक ॲसिड घ्यायचं, त्यात ॲसिटिक अनहायड्राइड घालायचं, तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकायचे, गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फ्लास्क धरायचा, मग गार पाणी घालायचं. पांढरे स्फटिक खाली बसतात. ते गाळायचे, धुवायचे, वाळवायचे.

संगणकाच्या वहीत या प्रयोगाची योजना करताना सुरुवात होते ती चित्रापासून. रसायनशास्त्रज्ञांची भाषा चित्रांची असते. षटकोन काढायचा, त्याला शेपट्या लावायच्या. सॅलिसिलिक ॲसिडचा रेणू काढला की वही त्याचा रेणुभार स्वतः काढते : १३८.१२. अनहायड्राइडचा १०२.०९. बाणाच्या पुढे ॲस्पिरिन काढलं की त्याचा १८०.१६. खाली एक तक्ता तयार होतो. त्यात मी फक्त एवढंच लिहितो की, सॅलिसिलिक ॲसिड २ ग्रॅम घेणार आणि अनहायड्राइड ५ मिलिलिटर. घनता वहीला ठाऊक असते, किंवा आपण एकदा भरून ठेवायची. पुढचा हिशेब तिचा : पहिलं १४.५ मिलिमोल, दुसरं सुमारे ५३ मिलिमोल.

मिलिमोल म्हणजे काय, ते ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध सुटला त्यांच्यासाठी सांगतो. वजन हा रेणूंची संख्या मोजण्याचा आडमार्ग आहे. जड रेणू असेल तर एका ग्रॅममध्ये कमी मावतात, हलका असेल तर जास्त. अभिक्रिया मात्र वजनाने होत नाही, नगाने होते. वडापावच्या गाडीवर पहा. साडेचौदा डझन वडे आहेत आणि त्रेपन्न डझन पाव आहेत, तर वडापाव किती होतील? साडेचौदा डझन. उरलेल्या पावांचं काय करायचं ते गाडीवाला बघेल. इथे वडा म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. ते संपलं की काम थांबलं. म्हणून ॲस्पिरिन जास्तीत जास्त १४.५ मिलिमोलच होऊ शकतं, म्हणजे २.६१ ग्रॅम. ही झाली कमाल मर्यादा. कोणी २.९ ग्रॅम मिळाल्याचं सांगू लागला, तर त्याचे स्फटिक अजून ओले आहेत, असं खुशाल समजावं.

हा हिशेब कागदावरही दहा मिनिटांत होतो, मग संगणकाचं कौतुक कशाला? हिशेबाचं कौतुक नाहीच. मला त्या तक्त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढचा रकाना. चांगल्या प्रयोगवहीत प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे असतात, एक ठरवलेला आणि दुसरा प्रत्यक्ष घेतलेला. ठरवलं होतं २.०० ग्रॅम. काट्यावर चमच्याने टाकताना पडलं २.०३ ग्रॅम. ते तसंच लिहायचं. काही प्रयोगशाळांत वजनकाटाच वहीला जोडलेला असतो, म्हणजे आकडा माणसाच्या हातातून जातच नाही. आता कमाल मर्यादा सरकून २.६५ ग्रॅम होते. शेवटी हाती आलं १.९३ ग्रॅम, म्हणजे ७३ टक्के. ठरवलेल्या आकड्यावर हिशेब केला असता तर ७४ आले असते. एका टक्क्याने काय बिघडतं, असं बी.एस्सी.च्या प्रयोगात म्हणता येईल. औषधांच्या कारखान्यात हा एक टक्का टनांत मोजतात.

ॲस्पिरिनचा विषय निघालाच आहे तर एक जुना वाद सांगतो, कारण तो थेट वहीशी संबंधित आहे. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमान याने शुद्ध स्वरूपात हा पदार्थ केल्याची नोंद १० ऑगस्ट १८९७ या तारखेची आहे. सगळं श्रेय हॉफमानला मिळालं. पुढे आर्थर आयशेनग्र्युन या त्याच्या सहकाऱ्याने १९४९ साली लिहिलं की, कल्पना आपली होती, हॉफमानने आपल्या सांगण्यावरून प्रयोग केला. आयशेनग्र्युन ज्यू होता. नाझी राजवटीत त्याला तेरेझिनच्या छळछावणीत डांबलं होतं, आणि हा लेख आला त्याच वर्षी तो वारला. २००० साली वॉल्टर स्नीडर या अभ्यासकाने कागदपत्रं तपासून आयशेनग्र्युनची बाजू उचलून धरली. कंपनीने ती मान्य केली नाही. प्रयोग कोणी केला, हे वहीवरून कळतं. तो कोणाच्या डोक्यातून निघाला, यावर शंभराहून अधिक वर्षांनीही भांडण आहे. योजनेच्या पानावर ‘हा प्रयोग कशासाठी, कोणी सुचवला’ ही एक ओळ असती तर हा प्रश्नच उरला नसता. आजच्या प्रयोगशाळांत कल्पना बऱ्याचदा एखाद्या नवख्या विद्यार्थ्याची असते आणि शोधनिबंधावर पहिलं नाव भलत्याचं लागतं. तारखेसह लिहिलेली योजना ही त्या विद्यार्थ्याच्या हातातली एकमेव कागदोपत्री गोष्ट असते. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगत असतो, कल्पना सुचली की चहाला जाण्याआधी वहीत टाका.

योजनेच्या पानावर आणखी काय असावं? धोका. ॲसिटिक अनहायड्राइडची वाफ डोळ्यांना झोंबते, पाण्याशी त्याची गाठ पडली की उष्णता निघते, सल्फ्युरिक आम्लाबद्दल तर सांगायलाच नको. वहीला पदार्थ कळला की ती ही माहिती समोर आणून ठेवते. बाटल्यांवर बारकोड असतील तर कोणत्या कपाटातल्या कोणत्या बाटलीतून किती घेतलं, तेही लागतं. अनहायड्राइडच्या बाबतीत तर ही नोंद नुसती सोयीची नाही. हेरॉइन बनवण्यासाठी त्याचा गैरवापर होतो, म्हणून आपल्याकडे ते अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित आहे आणि साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आता मी ज्या मुद्द्यावर जास्त वेळ थांबणार आहे तो येतो. संगणकाच्या वहीत एक फार सोयीचं बटण असतं. जुना प्रयोग जसाच्या तसा उचलायचा, नवी तारीख घालायची आणि एक आकडा बदलायचा. २ ग्रॅमच्या जागी २००० लिहिलं की तक्त्यातले बाकीचे सगळे आकडे क्षणात हजारपट होतात. ५ मिलिलिटरचे ५ लिटर. हिशेब अचूक. पण फ्लास्कमधल्या उष्णतेला तुमचा तक्ता माहीत नसतो.

उष्णता द्रवाच्या सगळ्या घनफळात तयार होते आणि बाहेर पडते ती फक्त भांड्याच्या पृष्ठभागातून. भांडं प्रत्येक बाजूने दहापट केलं तर घनफळ हजारपट होतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणजे प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला येणारी बाहेर जायची वाट एक दशांश उरली. घरात वाटीभर आमटी पाच मिनिटांत निवते आणि लग्नाच्या पातेल्यातली तासाभराने वाढली तरी तोंड पोळतं, ते याच कारणाने. तरी आमटी स्वतःहून गरम होत नाही. काही अभिक्रिया होतात. तापमान वाढलं की त्यांचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता निघते, आणि मग त्या हाताबाहेर जातात. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कारखान्यात १९ डिसेंबर २००७ रोजी असंच झालं. इंधनात मिसळायचं एक रसायन तिथे बनत होतं. एका वेळी करायचं प्रमाण आधीच सुमारे एक तृतीयांशाने वाढवलेलं होतं, थंड करण्याच्या व्यवस्थेला पर्याय नव्हता. त्या दिवशी ती व्यवस्था बंद पडली. चार माणसं गेली.

कारखान्याचं सोडा, शिक्षणसंस्थेतलं उदाहरण घ्या. टेक्सास टेक विद्यापीठात ७ जानेवारी २०१० रोजी घडलेली ही घटना अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने बारकाईने तपासली आहे. स्फोटक पदार्थांच्या अभ्यासाचा प्रकल्प होता. निकेल हायड्राझिन परक्लोरेट हा पदार्थ करायचा होता. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचा नाही, असं मार्गदर्शक प्राध्यापकांच्या मते ठरलेलं होतं. पण हे ठरलं होतं तोंडी. लेखी कुठेही नव्हतं. चाचण्यांसाठी पुन्हा पुन्हा थोडा थोडा करायचा, आणि दर वेळी तो थोडा वेगळा निघायचा, यापेक्षा एकदाच पुरेसा करून ठेवू, असा विचार दोघा विद्यार्थ्यांनी केला. विचार तसा व्यवहारीच. त्यांनी दहा ग्रॅम केला. म्हणजे शंभरपट. त्यात गुठळ्या झाल्या, म्हणून एकाने त्या खलबत्त्यात, हेक्झेनमध्ये भिजवून, हलक्या हाताने फोडल्या. ओला असताना तो शांत राहिला होता. काम झाल्यासारखं वाटल्यावर त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि एकदा शेवटचं ढवळलं. डाव्या हाताची तीन बोटं गेली, हात भाजला, डोळ्याला इजा झाली.

मंडळाच्या अहवालात मला सगळ्यांत जास्त खुपली ती स्फोटाची वर्णनं नव्हेत. ‘मर्यादा तोंडी सांगितली होती’ हे वाक्य खुपलं. त्याच संशोधनगटात आधीही थोडक्यात निभावलेले प्रसंग घडले होते, त्यांतून धडा घ्यायचं राहून गेलं होतं, हेही त्यात आलं आहे. आता विचार करा. प्रयोगाच्या आदल्या दिवशी योजनेचं एक पान लिहिणं सक्तीचं असतं, त्यात ‘कमाल प्रमाण’ असा एक रकाना असता, आणि मार्गदर्शकाने त्या पानावर संमतीचं बटण दाबल्याशिवाय प्रयोग पुढे जाणार नाही, अशी व्यवस्था असती तर? हे सगळं आजच्या प्रयोगवह्यांत करता येतं. अर्थात न वाचताच संमती देणारे मार्गदर्शक पुष्कळ असतात. जर्नलवर न वाचता सह्या करणारे सर आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. सॉफ्टवेअर बदलून तो स्वभाव बदलत नाही. पण निदान १०० मिलिग्रॅम हा आकडा विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर राहिला असता, तक्त्याच्या शेजारी, आणि तिथे १० ग्रॅम लिहिताना बोट थबकलं असतं.

म्हणून माझा आग्रह असतो की जुना प्रयोग उचलून प्रमाण वाढवलं की योजनेत तीन वाक्यं नव्याने, हाताने लिहायचीच. ती उचलायची नाहीत. उष्णता कशी काढणार, कोणत्या तापमानाला काम थांबवणार, आणि थांबवायचं म्हणजे नेमकं काय करणार. ॲस्पिरिनच्याच प्रयोगात दोन ग्रॅमला शेवटी पाणी एकदम ओतलं तरी निभतं. दोन किलोला उरलेल्या लिटरभराहून जास्त अनहायड्राइडवर ते तसं ओतणं म्हणजे तापल्या तेलात ओल्या पुऱ्या सोडण्यासारखं आहे. ते थेंब थेंब, ढवळत, बर्फात ठेवून घालावं लागतं. हे तक्ता सांगत नाही.

फसलेल्या प्रयोगांबद्दल बोलतो, कारण तिथे गेल्या काही वर्षांत मोठी गंमत झाली आहे. शोधनिबंधात छापले जातात ते यशस्वी प्रयोग. फसलेले वहीत पडून राहतात. फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात श्रायर, फ्रीडलर आणि नॉरक्विस्ट या प्राध्यापकांनी आपल्या प्रयोगशाळेच्या जुन्या वह्या काढल्या. स्फटिक तयार होतील या आशेने केलेल्या आणि न झालेल्या शेकडो अभिक्रिया त्यांत होत्या. कोणता पदार्थ, किती, किती तापमान, किती वेळ, आणि निष्पन्न काय, हे सगळं विद्यार्थ्यांनी संगणकात भरलं आणि त्यावर एक शिकणारा प्रोग्रॅम चालवला. २०१६ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. नव्या अभिक्रियांबाबत प्रोग्रॅमने सुचवलेल्या परिस्थितीत ८९ टक्के वेळा स्फटिक मिळाले. अनुभवी रसायनशास्त्रज्ञांच्या अंदाजाने ७८ टक्के वेळा मिळाले. हे छोटं कॉलेज आहे, तिथे प्रामुख्याने पदवीचे विद्यार्थी शिकतात, हे मुद्दाम सांगतो. प्रोग्रॅमला काय चालत नाही ते ठाऊक होतं, म्हणून काय चालेल ते सांगता आलं. आणि ते ठाऊक झालं, कारण कोणीतरी त्या वेळी ‘काही झालं नाही, द्रावण तपकिरी झालं’ असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. आपल्या जर्नलांतून असा प्रोग्रॅम शिकवायला घेतला तर तो काय शिकेल, याचा विचार करवत नाही. जगात प्रत्येक प्रयोग जमतो, एवढंच.

आता शंका. वीज गेली तर? नोंदी सर्व्हरवर असतात, त्या जात नाहीत, पण प्रयोग चालू असताना लिहिण्याची सोय हवी, म्हणून अनेक ठिकाणी फ्यूमहूडच्या बाहेर एक टॅब्लेट ठेवतात. हातमोजे काढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा नियम पाळणं कठीण जातं. मी पाहिलेल्या काही प्रयोगशाळांत अजून चिटोऱ्यावर लिहून नंतर संगणकात भरतात. म्हणजे आपण पुन्हा कच्ची वही आणि जर्नलवर आलो. हे मला मुळीच पसंत नाही. चिटोऱ्यावरच लिहायचं असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून तो फोटोच वहीत टाकावा.

दुसरी शंका, सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद पडली तर? शंका अगदी रास्त आहे. फॅरेडेची वही आज उघडून वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचायला यंत्र शोधावं लागतं. म्हणून वही निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा की, माझ्या सगळ्या नोंदी साध्या, कोणत्याही संगणकावर उघडतील अशा स्वरूपात बाहेर काढता येतात का. नसतील तर सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, दारातून परत पाठवावं. तिसरी शंका, संगणकावरची सही कायद्याने चालते का? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचे नियम १९९७ सालीच केले. त्या बाजारात औषधं पाठवणाऱ्या आपल्या कंपन्यांना ते चांगलेच पाठ आहेत. आणि त्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या स्वतःच्या प्रयोगशाळांतल्या नव्या नोंदी जून २०२४ अखेरपासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच ठेवायच्या, असं ठरवलं.

आणि खर्च? मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर महाग असतात, पण फुकट आणि खुलीही आहेत. पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमध्ये जन्मलेलं ‘ईलॅबएफटीडब्ल्यू’ त्यांतलं एक. जिथल्या परंपरेतल्या वह्या शिशाच्या पेट्यांत आहेत, तिथूनच ही बिनकागदाची वही निघाली, हा योगायोग मला आवडतो. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचं ‘केमोशन’ हे खास रसायनशास्त्रज्ञांसाठी, रेणू काढायच्या सोयीसह. कॉलेजात एखादा जुना संगणक आणि संगणकशास्त्राचा एखादा उत्साही विद्यार्थी असेल तर ते बसवता येतं.

तेवढंही नसेल तर? हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकांकडून हमखास येतो. मग कागदी वही घ्या, शंभर पानी, बांधीव. पानांना हाताने क्रमांक घाला. डावं पान योजनेसाठी, ते आदल्या दिवशी लिहून आणायचं : काय करणार, कशासाठी, किती घेणार, काय मिळेल असं वाटतं, कुठे थांबणार. उजवं पान कोरं ठेवायचं आणि ते फक्त प्रयोगशाळेत, उभ्या उभ्या भरायचं. डावं पान कोरं असेल त्या मुलाला त्या दिवशी बाटलीला हात लावू द्यायचा नाही. सत्राच्या शेवटी गुण द्यायचे ते याच वहीला, आणि ब्युरेटची तीन रीडिंग ९.७, ९.९, ९.८ अशी आली असतील तर गुण कापायचे नाहीत.